बाराव्या अक्षरानंतर

दहावीच्या पूर्वपरीक्षेत मराठीच्या पेपरात मला वृत्ताच्या प्रश्नाला चारपैकी शून्य मिळालं. उत्तर बरोबर होतं. या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली. नागपूरच्या इतवारीत माझं स्वतःचं साड्यांचं दुकान झालं, मुलगी इंजिनियर झाली, गुडघे कुरकुरायला लागले; पण ते चार मार्क मी अजून सोडलेले नाहीत. कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं.

आमचं घर विणकराचं. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत आम्ही. वडील नऊवारी विणायचे, आणि काठावरची नक्षी निघायची ती मागाच्या डोक्यावर बसवलेल्या डॉबीमुळे. डॉबी म्हणजे लाकडी पट्ट्यांची एक माळ. प्रत्येक पट्टीला ओळीनं भोकं. ज्या भोकात खुंटी ठोकली, तिथले धागे वर उचलले जातात. ज्या भोकात खुंटी नाही, तिथले खाली राहतात. वर, खाली, खाली, वर. एवढ्यावर मोर निघतो, रुईफूल निघतं, कोयरी निघते. पहिलीपासून खुंट्या ठोकायचं काम माझ्याकडे होतं. एक खुंटी चुकली तर मोराची मान मोडते आणि वडिलांचा हात माझ्या मानेवर येतो, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं.

तर दहावीत मराठीच्या सरांनी फळ्यावर वृत्त काढलं. कवितेच्या ओळीतलं ऱ्हस्व अक्षर म्हणजे लघु, दीर्घ अक्षर म्हणजे गुरु. लघुवर अर्धचंद्र, गुरुवर आडवी रेघ. तीन-तीन अक्षरांचा एक गण पाडायचा आणि गणांच्या क्रमावरून वृत्ताचं नाव सांगायचं. वर्गात सगळ्यांचे चेहरे पडले. मी मात्र बाकावर सरळ होऊन बसलो. ही तर पट्टी होती! गुरु म्हणजे खुंटी, लघु म्हणजे रिकामं भोक. कवीनं एक पट्टी ठोकली आणि तीच पुन्हा पुन्हा फिरवली, म्हणून प्रत्येक ओळ त्याच चालीत निघते. सर तास संपवून गेले तरी मी फळ्याकडे पाहत होतो. आयुष्यात पहिल्यांदा शाळेतली एखादी गोष्ट माझ्या घरची निघाली होती.

पूर्वपरीक्षेत तोच प्रश्न आला. मी घाईत होतो, आणि हाताला जे वळण होतं तेच हातानं केलं. अर्धचंद्र आणि रेघांच्या जागी मी टिंबं काढली. गुरुला भरीव, लघुला पोकळ. खाली वृत्ताचं नाव लिहिलं. नाव बरोबर होतं.

सरांनी पेपर वाटताना मला उभं केलं.

"हे काय काढलंय?"

"खुंट्या, सर."

वर्ग फुटला हसून.

"कोणाच्या पेपरातून उतरवलं? आणि या खुणा कोणासाठी करून ठेवल्यास?"

"कोणासाठीच नाही सर. ज्या भोकात खुंटी ते गुरु..."

"मग मागावर जाऊन बस. तिथं ठोक खुंट्या. इथं कॉपी चालणार नाही."

घरी येऊन मी रडलो. वडिलांनी धोटा थांबवला नाही, तो इकडून तिकडे फेकता फेकताच विचारलं, "चार मार्कासाठी काहून रडून राहिला गा?"

"मले येत होतं बाबा. तरी त्यांनी चोर म्हटलं."

"मास्तरले माग माहीत नाही. तुले माग माहीत आहे अन् मास्तरचंही माहीत आहे. आता सांग, कमी कोणाले येते?"

त्यांच्यापुरता विषय संपला. माझा संपला नाही. दहावी पास झालो आणि शाळेकडे पाठ केली. सायकलच्या कॅरियरला साड्यांचा गठ्ठा बांधून उमरेड रोडची गावं पालथी घातली. लोक म्हणतात मी सौद्यात तापट आहे. आहे. पण तापट माणसाकडून कोणी फसवलं जात नाही, कारण त्याच्या मनातलं त्याच्या तोंडावर असतं. माझ्या दुकानात वीस-वीस वर्षं येणाऱ्या बाया आहेत, माझ्याशी भांडतात आणि दिवाळीला पुन्हा येतात.

मुलगी दहावीला गेली तेव्हा तिची मराठी व्याकरणाची गाईड मी आधी वाचली. तिला शिकवायला म्हणून हातात घेतली, पण खरं कारण मला ठाऊक होतं. अलंकारांच्या प्रकरणावर ती अडली. "बाबा, उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक, तिन्हींत तुलनाच आहे. मग तीन नावं कशाला?"

मी तिला एका शनिवारी दुकानात गादीवर बसवलं आणि म्हटलं, फक्त ऐक.

पहिली बाई आली. साडी उलगडून म्हणाली, "रंग कसा पोतेऱ्यासारखा दिसते." मी पोरीच्या कानात सांगितलं, उपमा. 'सारखा' म्हणाली, म्हणजे साडी आणि पोतेरं वेगळं आहे हे तिला मान्य आहे. ही घेणार. तिनं घेतली. दुसरी म्हणाली, "जणू काही पोतेरंच टांगून ठेवलं." उत्प्रेक्षा. 'जणू' म्हणाली, म्हणजे मन डळमळतं आहे, दोन साड्या आणखी दाखवाव्या लागतील. तिसरी आली, साडीला हातही लावला नाही. "हे पोतेरं बाजूले करा, साडी दाखवा." पोरगीच हसून म्हणाली, "रूपक." बरोबर. तिच्या लेखी साडी उरलीच नाही, पोतेरंच आहे. अशा बाईशी भाव करण्यात अर्थ नसतो, सरळ दुसरा गठ्ठा सोडावा.

मग मी मागच्या दुकानदाराला ओरडून म्हटलं, "काय शेठ, तुमच्या इमानदारीचे तर इतवारीत डंके वाजून राहिले!" तो काय समजायचं ते समजला आणि त्यानं मला शिवी दिली. "व्याजस्तुती," पोरगी म्हणाली. "वरून स्तुती, आतून निंदा." तिला त्या प्रश्नाला पूर्ण मार्क मिळाले, आणि मिळायलाच पाहिजे होते. गाईडमध्ये या गोष्टींची नावं होती, माल आमच्याकडे रोजचाच होता.

त्याच पोरीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं दागिना मागितला नाही. म्हणाली, "बाबा, एक मंगलाष्टक तुम्ही लिहा. दुसऱ्या कोणाचं नको."

मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर, सरळ, कमी बोलणारा. अडचण त्याच्या मामांची होती. मामा शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक, राहणार मनीषनगर. त्यांच्या घराण्यात कोणाचंही लग्न असो, मंगलाष्टकं मामांचीच. आठही कडवी तयार, फक्त वधूवरांची नावं बदलायची. मुलाच्या आईनं फोनवर साखर घालून सांगितलं, "तुमचं एक कडवं घालू की. पण आधी आमच्या दादाला दाखवून घ्या. ते हो म्हणाले की भटजींकडे जाईल." म्हणजे ते नाही म्हणाले तर माझ्या पोरीचं मागणं तिच्या बापाकडून पुरं होणार नव्हतं.

मी पंधरा दिवस लिहीत होतो. मंगलाष्टकाचं वृत्त बहुतेक शार्दूलविक्रीडित, एका ओळीत एकोणीस अक्षरं. मी कागदावर एकोणीस टिंबं काढली, भरीव आणि पोकळ, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा एकेका टिंबावर एकेक अक्षर बसवत गेलो. शेवटच्या ओळीत पोरीचं नाव घातलं. माझ्या आईनं ठेवलेलं दोनच अक्षरांचं नाव, दोन्ही अक्षरं दीर्घ. दोन भरीव टिंबं शेजारी-शेजारी पाहिजेत. सापडली.

मनीषनगरला जाताना बायकोनं स्कूटरवर मागून बजावलं, "अजी, तिथं आवाज चढवू नका. पोरीवाले आहोत आपण. अन् तो सौदा नाही, लग्न आहे."

"मी कधी आवाज चढवतो?"

"हे आत्ता चढवलं ते काय होतं?"

मामांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. चहा आला, चिवडा आला. मामांनी चष्मा लावून कागद हातात घेतला आणि पहिली ओळ वाचली:

धाग्याशी जुळला नवा पदर हा, मायेत रंगूनिया

त्यांनी मान वर केली. "छान आहे. कोणाकडून लिहून घेतलं?"

माझा हात टीपॉयवर आपटला. चहा बशीत सांडला. मी अर्धा उठलो होतो, तेवढ्यात बायकोनं टीपॉयखालून माझ्या पायावर पाय ठेवून असा दाबला की मी पुन्हा बसलो.

"मी लिहिलं," मी म्हणालो. "मीच. याच हातानं."

"रागावू नका हो. सहज विचारलं."

"चाळीस वर्षांपूर्वी एकानं सहजच विचारलं होतं सर. पुढं वाचा."

ते वाचत गेले, आणि मग बोटांवर मोजत चुका काढायला लागले. शिक्षकाची सवय ती. मीही बाह्या सारल्या. माल उलगडून झाला होता, आता भाव सुरू झाला.

"पहिली गोष्ट," मामा म्हणाले, "धागा, पदर, रंग. मंगलकार्यात हे कापडदुकान कशाला? चंद्र, कमळ, वेल असं काहीतरी हवं."

"तुमच्या आठ कडव्यांत चंद्र किती आहेत?"

त्यांनी आठवून सांगितलं, "पाच असतील."

"मग आणखी एक घालून कोणाला दिसणार? पोरगी विणकराची नात आहे. तिच्या लग्नात पदर नाही तर काय येणार? रूपक आहे ते सर. नवी सून म्हणजेच नवा पदर. 'पदरासारखी' म्हणालो असतो तर उपमा झाली असती, जरा लांबची वाटली असती."

मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "राहू द्या. पण ही तिसरी ओळ," आणि त्यांनी मोठ्यानं वाचली:

आले अंगणि चांदणे उतरुनी, पाहावया सोहळा

"मुहूर्त दुपारी साडेबाराचा आहे. नागपुरात. मे महिन्यात. चांदणं कुठून आणलं तुम्ही? ही अतिशयोक्ती झाली."

"अतिशयोक्ती नाही, चेतनगुणोक्ती आहे. चांदणं माणसासारखं वागतं. आणि रात्रीच्या लग्नाला चांदणं आलं तर त्यात काय कौतुक? ते रोजच येतं. माझ्या पोरीसाठी भर दुपारी वेळ काढून आलं, हा मान आहे."

बायको हसू दाबायला चिवडा खायला लागली. मामाही हसले, पण त्यांनी पकड सोडली नाही. "दुसऱ्या ओळीचं यमक कच्चं आहे. पहिल्या ओळीच्या शेवटाशी नुसता शेपटीचा आवाज जुळतो."

हे खरं होतं. मी ती ओळ लिहितानाच जाणून होतो. सौद्यात एखादी गोष्ट द्यायला हाताशी ठेवावी लागते. "दिली," मी म्हणालो. "दुसरी ओळ तुमच्या मनासारखी बदला. पण रूपक आणि चांदणं राहील."

"राहील. आता शेवटची ओळ. ही तुम्ही गाऊन पाहिलीत का?"

"मोजून पाहिली. एकोणीसच्या एकोणीस बरोबर आहेत."

"मोजलीत, मान्य. मी गातो, ऐका."

मामांचा आवाज चांगला होता. मंगलाष्टकाच्या चालीत त्यांनी ओळ उचलली, वर नेली, आणि बाराव्या अक्षरावर ताणून थांबले. तिथं श्वास घ्यावाच लागतो. मग उरलेली सात अक्षरं खाली उतरत म्हटली.

बायकोच्या हातातली चिवड्याची वाटी खाली आली. "अजी! माझ्या पोरीचं नाव तोडलं!"

खरंच तुटलं होतं. नावाचं पहिलं अक्षर बारावं, दुसरं तेरावं. पहिलं अक्षर उच्चारून भटजी दमभर थांबणार, मांडवातले लोक अक्षता हातात धरून वाट पाहणार, आणि मग उरलेलं अर्धं नाव येणार.

"याला यतिभंग म्हणतात," मामा हळू आवाजात म्हणाले. "यती म्हणजे ओळीतली थांबण्याची जागा. शार्दूलविक्रीडितात ती बाराव्या अक्षरानंतर येते. तिथं शब्द संपायला हवा. एरवी मी कानाआड केलं असतं. पण नवरीचं नाव असं मधूनच तोडणं बरं दिसत नाही. मी काय म्हणतो, या ओळीच्या जागी माझ्याकडे एक तयार ओळ..."

"नको."

"अहो, उपयोगी पडेल म्हणून..."

"सर, नको. तुम्ही चहा घ्या. मला कागद द्या."

चूक माझी होती, आणि मला ती कुठून आली तेही लगेच कळलं. डॉबीच्या पट्टीला श्वास नसतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी भोकं सारखी. मी कविता पट्टीसारखी ठोकली होती, म्हणून माझ्या टिंबांत थांबण्याची जागाच नव्हती. पण मागावर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा संपतो तेव्हा नवा धागा विणकर मधोमध कधी जोडत नाही. जोड काठाशी घेतो. मधे जोडला तर साडीभर दिसत राहतो. बारावं अक्षर हा इथला काठ होता. थांबायचं, जोड घ्यायचा तो तिथंच, आणि नाव काठ ओलांडल्यावर सुरू करायचं.

मी त्याच कागदाच्या पाठीवर एकोणीस टिंबं काढली. भरीव, भरीव, भरीव, पोकळ, पोकळ. बाराव्यानंतर एक उभी रेघ मारली. तेरावं आणि चौदावं, दोन्ही भरीव. तिथं नाव बसवलं. मग आधीच्या बारा भोकांत काय बसतं ते शोधायला लागलो. माझा उजवा पाय मागाच्या पावडीवर असल्यासारखा खालीवर होत होता, आणि मला त्याचं भान नव्हतं. दोन शब्द खोडले, एक परत घेतला. चहावर साय धरली.

ओळ झाली तेव्हा मान वर केली तर मामा माझ्या खांद्यावरून कागदाकडे पाहत होते.

"ही खूण कसली?"

माझे कान तापले. पुन्हा तोच प्रश्न. पण या माणसाचा आवाज वेगळा होता. त्यांना खरंच माहीत नव्हतं आणि खरंच विचारायचं होतं. मी सांगितलं. माग, पट्टी, खुंटी, रिकामं भोक. मग तोंडाला सुटलंच होतं, म्हणून पूर्वपरीक्षा, टिंबं, शून्य आणि सगळ्या वर्गाचं हसणंही सांगितलं. बायकोनं हे पंचवीस वर्षांत शंभर वेळा ऐकलं असेल, तरी ती या वेळी पुढं सरकून ऐकत होती.

मामांनी एकेका टिंबावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी एवढी वर्षं वृत्तं शिकवली. मुलांना घोकायला लावली. हे कधी पाहिलं नव्हतं." त्यांनी कागद खाली ठेवला. "तुमच्याशी खोटं बोलत नाही. तेव्हा तुमचा पेपर माझ्याकडे आला असता तर शून्य मीही दिलं असतं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. चाळीस वर्षांत एका तरी मास्तरनं कबूल केलं होतं.

"मग आता द्या," मी म्हणालो.

"काय?"

"मार्क. चारपैकी."

मामांनी खिशातून पेन काढलं. नवी ओळ तोंडातल्या तोंडात गाऊन पाहिली, बाराव्या अक्षरावर थांबले, मग नाव म्हटलं. कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं: तीन.

"तीन? एक कुठं गेला?"

"पहिल्या खेपेला यती मोडली होती."

"पण सुधारली ना? तुमच्यासमोर सुधारली! कोणाची मदत घेतली?"

"अहो, मार्कातही घासाघीस करता?"

"करतो. कशातच सोडत नाही."

"साडेतीन," मामा म्हणाले, "आणि हा शेवटचा शब्द." त्यांनी तीन खोडून साडेतीन केलं आणि खाली सही केली. तो कागद आता दुकानात माझ्या गादीमागे काचेच्या चौकटीत आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे काय टांगलं? मी सांगतो, माझं दहावीचं प्रमाणपत्र.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की मांडवाचं कापडसुद्धा गरम लागत होतं. मामांची आठ कडवी झाली, पाच चंद्रांसकट. मग भटजींनी माझा कागद घेतला. पहिल्या ओळीत पदर आला, तिसरीत चांदणं आलं, आणि पंख्यासमोर बसलेल्या एका पोरानं मोठ्यानं विचारलं, "आई, चांदणं कुठं आहे वं?" दोन-चार जण हसले. मी हसलो नाही. मी शेवटच्या ओळीची वाट पाहत होतो.

भटजींनी ती उचलली. माझा पाय सुरू झाला. सात, आठ, नऊ. अंतरपाटाच्या अलीकडे पोरगी खाली मान घालून उभी होती. दहा, अकरा, बारा. भटजी थांबले. सगळा मांडव थांबला, हात वर, मुठीत अक्षता. माझा पाय खाली दाबलेला तसाच राहिला.

मग तिचं नाव आलं. एका श्वासात, दोन्ही अक्षरं.

पोरीनं मान वर करून मला शोधलं. मी अक्षता टाकायला विसरलो. शेजारी उभ्या असलेल्या मामांनी माझं मनगट धरून हलवलं, तेव्हा त्या माझ्या मुठीतून सांडल्या, निम्म्या तिच्या दिशेनं आणि निम्म्या माझ्याच पायावर.

"उरलेला अर्धा?" मी त्यांना विचारलं.

"आधी अक्षता नीट टाका," ते म्हणाले.